कायमचा नंबर

'कायमचं' या शब्दावर माझ्या बायकोच्या मामांइतका भाबडा विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या शब्दाची त्यांच्याइतकी वाट लावणाराही नाही. मामा शहापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. जेवायला आले की आमच्या डब्यांवर नंबर टाकून जायचे. जिऱ्याचा नंबर बायकोला अजून पाठ आहे, जिरं मात्र वेळेवर सापडत नाही. रिटायर झाल्यावर ते मोबाइल घेऊन पार मुरबाडपर्यंत म्हाताऱ्या बायांची हळदीची गाणी रेकॉर्ड करत हिंडले.

गाणी त्यांनी इंटरनेटवर चढवली. दोनदा वेबसाइट बंद पडली, दोनदा सगळ्या लिंक मेल्या. मग कुठूनसं त्यांना कळलं, की रेकॉर्डिंगला कायमचा डिजिटल नंबर घेता येतो; रेकॉर्डिंग कुठेही हलवा, नवी जागा तेवढी कळवत राहायची, जुन्याच नंबरावर ते सापडतं. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, म्हणजे मी आयताच सापडलो. नंबरात गावाबिवाचं नाव घालू नका, नुसते आकडे ठेवा, असं मी घसा कोरडा करून सांगितलं. ऐकतील तर मामा कसले! प्रत्येक नंबरात बाईचं गाव घातलं, चिठ्ठ्या छापल्या आणि घरोघरी भिंतींवर चिकटवून आले.

पुढच्याच महिन्यात किन्हवलीची जनाआजी खर्डीला लेकीकडे राहायला गेली. मामांनी तिचा कायमचा नंबर बंद करून खर्डीचा नवा घेतला! मी कपाळावर हात मारला. मामा शांतपणे म्हणाले, "बाई आता खर्डीची झाली रे. तिला किन्हवलीची म्हणत राहिलो, तर लेकीला काय वाटंल?" अशी त्यांनी सात-आठ बायांची मनं राखली. किन्हवलीच्या भिंतीवरची चिठ्ठी तशीच राहिली.

जनाआजी वारली. वर्षाने किन्हवलीच्या नातीचं लग्न निघालं. हळदीला आजीचं गाणं लावायचं म्हणून पोरीने भरल्या मांडवात चिठ्ठीवरचा नंबर मोबाइलवर टाकला. चार दिवसांनी ती दुकानात आली तेव्हा मामा बसलेच होते. "आजोबा, आजी लागलीच नाय," एवढंच म्हणाली. मामांचा चेहरा मला बघवेना.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नुसते आकडे घेतले, जुने सगळे नंबर नव्यांना जोडून दिले. फॉर्मात शेवटी विचारलं होतं, तुमच्यानंतर जागा कळवत राहणार कोण? मामांनी खुशाल माझं नाव सांगितलं. मीच का, म्हणून मी भडकलो. "तू नंबर बदलणार नायस," ते म्हणाले. "तुला बायांचं मन कळत नाय."

मागच्या वर्षी मामांना त्यांच्या मुलाने नाशकाला नेलं. मामा जायला तयार नव्हते. आता दर महिन्याला सगळी गाणी लागतात का, ते मी बघतो. जनाआजीचं शेवटी लावतो. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंगमध्येच मामांचा आवाज येतो, "आजी, गाव कुठलं लिहू?" ती हसते आणि म्हणते, "जिथं ठेवतील तिथली मी." फार वाईट वाटतं. पण नंबर मी बदललेला नाही.