उतरती आग

रवळूआप्पा डोंगरावर पोचले की आधी वाकून मूठभर गवत उपटत, तळहातावर चुरगाळत आणि कानाशी धरत. डोळे मिटून ऐकत. मग निकाल देत. "आज न्हाय. कुरकुरतंय." किंवा, "चला. कुजबुजतंय." कुरकुरणारं गवत म्हणजे हाताबाहेर जाणारं. दवानं मऊ पडून कुजबुजणारं म्हणजे सांगितलेलं ऐकणारं. ज्या सकाळी ते कुजबुजे, त्या सकाळी आप्पा डोंगराला आग लावत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आग लावताना. बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या पश्चिमेला डोंगराखाली त्यांचं गाव. मी जंगल खात्यात नवा गार्ड, पंचविशीतला, मूळचा निपाणीचा. आमच्याकडे सगळी तंबाखूची शेतं. झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. जंगल मला खात्याच्या पुस्तकातून कळलेलं, आणि पुस्तकात एकच गोष्ट ठळक होती: राखीव रानात विस्तव नेणं गुन्हा. माघातली सकाळ होती. माथ्यावर सत्तरीचा एक काटकुळा माणूस निरगुडीची फांदी घेऊन उभा, आणि त्याच्या पायाशी वीतभर उंचीची आगीची रेघ सावकाश खाली सरकत होती.

मी धापा टाकत वर गेलो. "रान जाळताय?"

"जाळत न्हाय, गार्डसायब. विंचरतोय."

"डोंगर पेटला तर?"

"वरनं लावलीया न्हवं? आग चढताना घोडा, उतरताना म्हातारी. ही म्हातारी हाय. खालच्या ओघळीपतोर जाईल आन् बसंल." फांदीनं एक ठिणगी झोडपत त्यांनी मला न्याहाळलं. "तुमीबी बसा. लई दमलायसा."

आग खरंच ओघळीत जाऊन बसली. तरीही मी त्यांना रेंजरसाहेबांपुढे उभं केलं. "पुन्हा रानात विस्तव नेणार नाही" अशा कबुलीवर अंगठा घेतला. शाईच्या अंगठ्याकडे बघत आप्पा म्हणाले, "दिला शबूद. पर सायब, तुमच्या कागदाला गवत वाचता येत न्हाय."

त्यांची पद्धत मला कळली ती मी ती बंद पाडल्यावर. दोन ओघळींनी डोंगराचे तीन पट्टे पडत. एका वर्षी एकच पट्टा भाजायचा. बाकीचे दोन तसेच. भाजलेल्या पट्ट्यात आठ-दहा दिवसांत कोवळी पात फुटे, गुरं तिथं जात, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घाली. आदल्या वर्षीच्या पट्ट्यात ससे. तिसऱ्यात माणसाच्या छातीएवढं गवत, त्यातून घरं शाकारायच्या पेंढ्या निघत. एकाच डोंगरावर तीन वयाची तीन रानं. पलीकडच्या गावचे लोक अख्खा डोंगर दर साली जाळत, आणि तिथं दगड वर आले होते. मी एकदा मोठ्या ऐटीत ते आप्पांना दाखवलं.

"मग? धोतर रोज आपटलं तर विरतंय," ते म्हणाले. "कधीच धुतलं न्हाय तर कुजतंय. तुमी आता कुजवायला घेतलायसा."

अंगठा दिल्यावर त्यांनी खरंच काडी ओढली नाही. पोरं चिडवत, "आप्पा, डोंगराचे क्यास लई वाढले की!" तेव्हा म्हणत, "न्हाव्याचा हात बांधलाय रं." दर माघात ते वर जात, गवत कानाशी धरत, आणि हात झटकून खाली येत. पहिल्या वर्षी गवत वाढलं, तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जुनं गवत नव्यावर गादीसारखं बसलं. खालची पात पिवळी पडली. गुरांना गोचिड्या झाल्या, ती दूरच्या रानात जाऊ लागली. टिटवी दिसेनाशी झाली. ओघळींतही गवत दाटलं, आणि तिन्ही पट्टे मिळून एकच वाळलेलं रान झालं. आप्पा भेटले की न भाजलेल्या सालांची फक्त बोटं दाखवत. तीन. पुढच्या साली चार. मग पाच.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो.

पाचव्या वर्षीच्या चैत्रातली दुपार होती. डोंगराच्या पायथ्याशी, माझ्या रोजच्या वाटेवर, मी सावलीला बसून विडी ओढली. निपाणीच्या माणसाला विडी टाकताना बघायची सवय नसते. आमच्याकडे थोटूक काळ्या ढेकळात पडतं आणि विझतं. उठून शंभर पावलं गेलो असेन. मागं कुणीतरी मोठं कापड फाडावं तसा आवाज आला.

तो घोडा होता. दोन्ही ओघळी त्यानं उडी मारून ओलांडल्या. माथ्यावर रवळनाथाची देवराई होती. तिच्या आसपासचं गवत पूर्वी कधी दाटू दिलेलं नसल्यानं तिथवर कधी आग पोचली नव्हती. ती राई संध्याकाळपर्यंत शेंड्यापासून पेटली. उतारावरचे, वर्षावर्षाची धग सोसलेले जाड सालीचे ऐनाचे वृक्षही त्या दिवशी उभे जळाले. सारं गाव फांद्या घेऊन धावलं. आप्पा माझ्या शेजारी आगीला झोडपत होते.

"कुठनं लागली?" त्यांनी विचारलं.

"वरनं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. वरून लागलेली आग म्हातारीसारखी उतरली असती, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते पुन्हा आगीकडे वळले.

पंचनाम्याला साहेब आले. "तोच म्हातारा ना, अंगठावाला?" मी मान डोलावली. एवढंच केलं असतं तरी पुरे झालं असतं. पण पंचनामा लिहायचा होता मलाच. 'पूर्वी कबुली देऊनही सदर इसमाने शब्द मोडला,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही. पण गावाची चराई बंद झाली आणि पंचनामा चावडीवर वाचून दाखवला गेला. शिक्षेचं आप्पांना काही वाटलं नसतं. शब्द मोडला, हे वाक्य लोकांनी मानलं, आणि राई गेल्याचा राग त्यांच्यावर निघाला. त्याच पावसाळ्यात उघड्या डोंगराची माती ओघळून भातखाचरांत बसली, तेव्हा उरलेसुरलेही बोलायचे थांबले. आप्पा बोरगावला लेकीकडे, सुंदराक्काकडे, निघून गेले. त्या सपाट तंबाखूच्या मुलखात बघायला डोंगर नव्हता.

दोन वर्षांनी रजेवर निपाणीला आलो होतो, तेव्हा बोरगाव गाठलं. आप्पा अंथरुणाला लागले होते. मी विडीचं सांगायला लागलो.

"ठावं हाय," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत पुढे बोलले, "तुजी विडी न्हवं रं पेटली. पाच वर्सांचं गवत पेटलं. विडी न्हाय तर वीज पडली असती."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तितक्यात कळलं की सुटका कसली, हे ओझं विडीपेक्षा जास्त आहे. विडी क्षणाची चूक होती. पाच वर्षांचं ते गवत मी रोज पहारा करून साठवलं होतं.

"गावात जाऊन सांगतो, आप्पा. तुमी शबूद मोडला न्हाय म्हणून."

"सांग. पर नुसतं विडीचं सांगू नगंस. लोक विडीला शिव्या घालतील आन् गवत तसंच ऱ्हाईल. पाच वर्सांचं सांग."

मी हो म्हणालो. आप्पा त्या महिन्यातच गेले. आणि मी सांगितलं नाही. नोकरी होती, हुद्दा वाढत होता. दर वर्षी एक कारण मिळत गेलं.

यंदा नोकरी सोडली आणि सगळ्यात आधी बोरगावला गेलो. सुंदराक्का तंबाखूची पानं बांधत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "चौदा वर्सं लागली व्हय, गार्डसायब? बैलगाडीबी निपाणीस्नं बेळगावला चार रोजात पोचतीया."

तिलाच बरोबर घेऊन गेलो. रवळनाथाच्या देवळापुढे गाव जमलं. विडीचं सांगितलं, पंचनाम्याचं सांगितलं. शिव्या बसल्या, त्या योग्यच होत्या. एक जण ओरडला, "आन् म्हाताऱ्याला आमी पाणी न्हाय पाजलं!" मग मी पाच वर्षांचं सांगितलं, तीन पट्ट्यांचं, घोड्याचं आणि म्हातारीचं.  शेवटी तो ओरडणाराच म्हणाला, "डोंगर आताबी तसाच दाटलाय की."

नव्या रेंजरला मी आधीच भेटलो होतो. एका पट्ट्याची लेखी परवानगी माझ्या खिशात होती. तिच्यावर या वेळी अंगठा नाही, जबाबदारीची माझी सही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस माणसं निरगुडीच्या फांद्या घेऊन माथ्यावर आली. काडेपेटी सुंदराक्काच्या हातात होती. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी वाकलो, मूठभर गवत चुरगाळून कानाशी धरलं. डोळे मिटले.

"आज न्हाय," मी म्हणालो. "कुरकुरतंय."

सुंदराक्कानं काडेपेटी कनवटीला खोचली आणि चाळीस माणसं मुकाट्यानं डोंगर उतरली. उद्या पुन्हा चढायचं आहे.