बदाम नकोत

आपली कोळंबी ज्या देशात विकली जायची, त्या देशाने तिच्यावरचा कर वाढवला आणि आमची कोळंबी सोलायची शेड बंद पडली. आम्ही सगळ्या बायका घरी बसलो. पुढे आपल्या सरकारनेही त्यांच्या बदामावर कर लावला, तेव्हा मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. म्हटलं, भोगा आता!

काल बाळंतीण लेकीच्या लाडवांसाठी बदाम घ्यायला गेले. भाव ऐकून विचारलं, "एवढे कसे महागले?" वाणी म्हणाला, "काकू, कर आपणच लावलाय ना!"

नुसतं खोबरं घेऊन निघाले. तिकडेही बदाम निवडणारी एखादी बाई कामावाचून बसली असेल, असं वाटेत मनात आलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

लेकीने पिशवी उघडून विचारलं, "आई, बदाम?"

"त्यांचे बदाम आपल्या घरात नकोत," मी म्हटलं आणि खोबरं किसायला बसले.