गच्चीतली चिप

आत्याचं भरतकामाचं मशीन अडलं, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात द्या." माझं डोकंच फिरलं. बिघडला होता फक्त चिपमधला मजकूर, म्हणजे मशीनला चालवणाऱ्या सूचना. या जुन्या चिपला वरून इवलीशी काच असते. तिच्यातून आठवडाभर कडक ऊन आत गेलं की सगळं पुसलं जातं आणि घरीच नव्यानं भरता येतं. चिप गच्चीत ठेवली. आठवड्यानं तपासली, तर काहीच पुसलेलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी उलटून ठेवली की मी," आत्या म्हणाली. "पापड नाही का उलटत?"

पुन्हा आठवडाभर ऊन, या वेळी काच वर. चिप कोरी झाली. शेजाऱ्यांच्या तशाच चालू मशीनमधला मजकूर तिच्यात भरला. उन्हात पडून कोरं व्हायचं आणि परत कामाला लागायचं, हे फेका-फेका म्हणणाऱ्यांना कधी कळणार?

'फेकू नका, दुरुस्त करा' या माझ्या पत्रकांच्या पिशवीवर आता आत्यानं भरलेला पिवळा सूर्य आहे. दोन्ही बाजूंनी.