गोठ्याबाहेर ठेवायचा राग

"राग घिऊन गोठ्यात जाऊ न्हाई. जनावराला कळतंय," असं म्हणून अव्वा आधी माझ्या गालात मारायच्या. मग हात धुवायच्या आणि चरवी घेऊन म्हशीकडे जायच्या.

राणीसावरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. मी त्यांच्याकडे शेण काढायला, वैरण टाकायला जायचे. त्याबद्दल दोन वेळा पेलाभर दूध मिळायचं, ते माझ्या मुलीला. दुसरीकडून दूध आणायची ऐपत नव्हती. म्हणून अव्वांचा आवाज चढला की मीच गाल पुढे करायचे. लवकर उरकायचं.

राग माझ्यावरचा नसायचाच. परभणीला राहणाऱ्या त्यांच्या लेकाने फोन उचललेला नसायचा, नाहीतर गुडघा ठणकत असायचा. समोरचा दुकानदार आवाज ऐकून म्हणायचा, "आज म्हैस शेरभर जास्त देती बघा." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचे.

गोठ्यात मात्र अव्वा निराळ्या. "ये गं माजी माय," म्हणत पाठीवरून हात फिरवायच्या. म्हैस कान सैल सोडायची आणि पान्हवायची. तुम्ही ते पाहिलं असतं तर म्हणाला असता, किती मायाळू बाई. ते खोटं नव्हतं. म्हशीच्या सडाला चीर पडली तेव्हा लोणी लावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

माझी आई गेली. चौथ्या दिवशी कामावर आले, तर म्हैस माझ्याकडेच बघत राहिली आणि तिने दूध चोरलं, सडात उतरूच दिलं नाही. अव्वा म्हणाल्या, "रडकं तोंड बाहीर ठिऊन येत जा. तिला तरास हुतोय."

मला काय होतंय ते त्यांनी विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्यात अव्वा गेल्या. म्हैस कुणालाच कासेला हात लावू देईना. परभणीहून आलेला लेक मला म्हणाला, "अव्वाचं लुगडं नेसून बघ. दूध न्हाई दिलं तर उद्या बाजारात नेतो." म्हैस गेली की माझं काम आणि मुलीचा पेलाही जाणार होता.

लुगडं नेसले. म्हशीने पदर हुंगला, जरा थांबली, पण दूध सोडलं नाही. लुगडं अव्वांचं असलं तरी भीती माझी होती, ती तिला कळली.

मी बाहेर आले. मुलगी पेला घेऊन दारात उभी होती.

"माय, आज दूध न्हाई का?" एवढंच ती म्हणाली.

मी तिच्या गालात मारली. अंगातली भीती गेली. हात धुतले आणि आत जाऊन म्हटलं, "ये गं माजी माय."

म्हशीने कान सैल सोडले. चरवी फेसाने भरली.

म्हैस बाजारात गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी चरवी उचलली, तशी मुलगी आली. तिने पेला खाली ठेवला आणि गाल पुढे केला.