वळणरस्त्याची दोन टोके

श्री. दामोदरपंत आगवेकर यांची आणि माझी पहिली भेट कलकत्त्यात बालीगंजला, आपल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात झाली. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे वडील मला बरोबर घेऊन भेटेल त्याला संदेश, ही बंगाली मिठाई, वाटत होते. पंत कोपऱ्यातल्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. संदेश तोंडात टाकून त्यांनी विचारले, "कलकत्ता किती पाहिलंस?"

"घर ते कॉलेज," मी म्हणाले.

"चालत?"

"नाही, ट्रामनं."

"मग शहराची ओळख ट्रामला झाली म्हणायची. तुझी कधी होणार?"

वडील माझ्यापेक्षा मोठ्याने हसले. त्या रविवारपासून मी पंतांची विद्यार्थिनी झाले.

पंतांची सारी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली. सुटीच्या दिवशी ते बंगालमधले जुने रस्ते पायांनी शोधत. त्यांचा एकच दंडक होता. रस्ता एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालून झाल्याशिवाय त्याच्याविषयी एक शब्द बोलायचा नाही. मला या फेऱ्यांना पाठवायला वडील तयार नव्हते. तेव्हा पंतांच्या पत्नी राधाकाकू डबा घेऊन स्वतः निघाल्या. पाय सुजले तरी त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. वाटेत म्हणायच्या, "लोक काशीला जातात, आम्ही चिखलात. पुढं बघून चाला, घसराल!" पंत निमूटपणे पुढे बघून चालत.

फाळणीनंतरची ती वर्षे. आमच्या घराजवळ सियालदह स्टेशनात पूर्व बंगालमधून आलेल्यांचे संसार फलाटावर मांडलेले असत. रविवारी फिरून परतताना पंत तिथे थांबत. कुणाचा भाऊ टालीगंजला, कुणाची मावशी बेलेघाट्याला; पत्ता असे, पण वाट ठाऊक नसे. पंत प्रत्येकाला कागदाच्या तुकड्यावर वाट काढून देत. ज्याला वाचता येत नसेल त्याच्यासाठी वळणावरचे देऊळ, तळे, चिंचेचे झाड काढत. सरकारी नकाशाची जितकी काळजी घेत तितकीच त्या तुकड्याची घेताना मी त्यांना पाहिले आहे.

पण मला लिहायचे आहे ते शिमुलहाटविषयी. हावड्याहून गाडीने जाऊन पुढे चालत गाठायचे हे लहानसे गाव. जुनी बादशाही सडक गावाच्या मधोमध जाते आणि गाव संपल्यावर ओढ्यावरचा पूल ओलांडते. याशिवाय गावाला बाहेरून वळसा घालणारा, आता गवतात बुडालेला, एक जुना रस्ता आहे. तो का झाला, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होते. दोनशे वर्षांपूर्वी मराठी स्वार, म्हणजे बंगालचे 'बर्गी', आले. त्यांनी बाजार जाळला, पूल तोडला. मग व्यापाऱ्यांनी गावच टाळले आणि गावाला उतरती कळा लागली.

तिथल्या शाळेचे इतिहासाचे शिक्षक निशिकांतबाबू आम्हांला वाट दाखवायला आले. आम्ही मराठी आहोत हे कळताच ते म्हणाले, "मोशाय, आमच्या ठाकुरमाला, आजीला, मात्र सांगू नका. अजून पोरांना खाटेखाली लपवील!" सगळे हसलो. पंतही हसले, पण त्यांनी विचारले, "तुमच्या घरचं कुणी गेलं होतं त्यात?" निशिकांतबाबूंचे हसू थांबले. महालयाच्या तर्पणात त्या पूर्वजांची नावे त्यांच्या घरी आजही घेतली जातात, असे त्यांनी सांगितले.

वळणरस्ता आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. गावकऱ्यांना शेतापुरता तुकडा माहीत. सबंध कुणीच चालले नव्हते. तो जिथे पुन्हा सडकेला मिळतो तिथे पंत थांबले. पूल अजून पुढे होता! वळसा घालून येणाऱ्यालाही तोच पूल ओलांडावा लागणार. मग पूल तुटला म्हणून हा रस्ता पडला, असे कसे म्हणायचे? आम्ही परत फिरलो. गावाच्या दोन्ही वेशींवर जकातीच्या चौक्यांचे दगडी ओटे आहेत. वळणरस्ता पहिल्या ओट्याच्या जरा अलीकडे सडक सोडतो आणि दुसऱ्याच्या जरा पलीकडे तिला मिळतो. गाडीवानांनी चुकवली होती ती जकात. आणि त्या चौक्या गावच्या जमीनदारांच्या, चौधरींच्या पूर्वजांच्या होत्या.

मंडळात ही बातमी कळताच आनंदीआनंद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "म्हणजे आपल्या माथ्यावरचा डाग पुसला!"

"रस्त्यापुरता," पंत म्हणाले. "बाजार जळाला, माणसं मारली, ते कुठं पुसलं?"

पुढचा प्रश्न अवघड होता. शाळेची इमारत चौधरींनी दिलेली, निशिकांतबाबूंची नोकरी चौधरींच्या शब्दावर. गावात हे सांगायचे कुणी? पंतांनी निशिकांतबाबूंना स्वच्छ सांगितले, "मी सांगितलं तर लोक म्हणतील, बर्गी आपल्या आज्याची वकिली करतोय. तुम्ही सांगितलंत तर तुमचं घर उपाशी राहील. तुम्ही स्वतः चालून पाहा. माझं चुकत असेल तर कळवा. नसेल, तर हे असंच राहू द्या."

परतताना मी गाडीत त्यांच्याशी भांडले. "खरं ठाऊक असून गप्प बसायचं, काका?"

"खऱ्याची किंमत त्यांनी मोजायची आणि अब्रू आपली वाढायची, हा कुठला न्याय, कुसुम?"



त्या वर्षीचा पावसाळा संपल्यावर निशिकांतबाबू स्वतःच कलकत्त्याला आले. ते तो रस्ता अनेकदा चालले होते. म्हणाले, "शाळेच्या संमेलनात मी बोलणार आहे. मुलांना चुकीचं शिकवून मला झोप लागत नाही. तुम्ही यायला हवं."

पंतांनी एकच अट घातली. "आधी मी बोलेन. आणि तुमच्या घरची ती नावं मला घेऊ द्याल?"

संमेलनाला वृद्ध चौधरीबाबू समोरच बसले होते. पंत उभे राहिले. साध्या बंगालीत म्हणाले, "ज्यांनी तुमचा बाजार जाळला, त्यांच्या मुलुखातला मी." मग ती नावे त्यांनी एकेक करून, सावकाश वाचली. मागे बसलेल्या निशिकांतबाबूंच्या आजीने पदर तोंडाला लावला. पंत खाली बसल्यावर निशिकांतबाबू उठले आणि त्यांनी पूल, चौक्या, जकात, सगळे सांगितले. त्यांनी काही गाळले नाही.

सभा चौधरीबाबूंकडे पाहत राहिली. ते म्हणाले, "मास्टर, सकाळी मला तो रस्ता दाखवा. गुडघे धरलेत, हळू चालावं लागेल." दुसऱ्या दिवशी ते चालले, अगदी शेवटपर्यंत. परत आल्यावर एवढेच बोलले, "मुलांना हेच शिकवा." निशिकांतबाबू आजही त्याच शाळेत आहेत.

पंतांनी परमुलुखात आपल्या लोकांची निंदा केली, असे तेव्हा आपल्यापैकी काहींना वाटले होते. त्यांतले दोघे आज या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत आणि हा प्रसंग लिहीच, असा आग्रह त्यांनीच मला केला. पंतांच्या कार्याला याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

पंतांनी साठ वर्षे पूर्ण केली. अजून कितीतरी रस्ते त्यांची वाट पाहत आहेत. राधाकाकूंसह त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या पायांतले बळ आणि नजरेतला नितळपणा असाच टिको. आणि ते जे शोधतील ते स्वतः चालून पडताळणारा, निशिकांतबाबूंसारखा समोरच्या बाजूचा माणूस त्यांना प्रत्येक गावात भेटो.