दहाव्या आठवड्यात मागितलेली पगारवाढ

इंग्लंडातल्या लीड्सच्या एका डेंटल लॅबमध्ये मी कवळ्या करायचे. म्हणजे सुरुवातीला नुसते प्लास्टरचे साचे ओतायचे, मग हळूहळू मेणात दात बसवायला मिळाले. तापलेल्या मेणाचा वास केसांत इतका मुरायचा की बसमध्ये शेजारची माणसं वळून बघायची. आता ती लॅब बंद झाली, दात मशीनवर होतात आणि माझं काम स्क्रीनपुढे चालतं. खोटं कशाला बोलू, त्या वासाची मला अजून आठवण येते.

तेव्हा आम्ही दोघं एका दुकानाच्या वरच्या खोलीत राहत होतो. नवऱ्याचं युनिव्हर्सिटीत संशोधन चाललेलं. आमची सहा वर्षांची मुलगी मात्र नागपूरला माझ्या आईबाबांजवळ, कारण या खोलीत मूल चालणार नाही असं घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर माझ्या पगारात भागत नव्हतं. मुलगी आधी रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, "आई, मला कधी नेशील गं?" मग तिने विचारणंच सोडलं. दिवसभर मी परक्यांचे दात बसवत होते, आणि माझ्या पोरीचा पहिला पडलेला दात मला फोनवर दिसला. त्या दिवशी मी ठरवलं, पगार वाढवून मागायचा. पण किती मागायचा, हे कळायला नको?

आणि तिथेच मी घोळ घातला. आमच्याकडे पगार विचारणं म्हणजे 'जेवलीस का' विचारण्यासारखं. मला पहिली नोकरी लागली तेव्हा दूधवाल्यानेसुद्धा विचारलं होतं, आणि आकडा ऐकून "बाप्पा, एवढ्यात काय होते वं?" म्हणून हळहळला होता. तर दहाव्या आठवड्यात, चहाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सरळ विचारलं, "तुम्हाला इथे किती मिळतात?"

सहा माणसं होती. सहाही जण आपापल्या कपात बघायला लागले. कोणीतरी पावसाचा विषय काढला. बाहेर लख्ख ऊन पडलेलं.

त्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. बावीस वर्षं तिथे काम करत होत्या आणि मला जे काही येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं. मला 'लव्ह' म्हणायच्या, तसं त्या गावात सगळेच सगळ्यांना म्हणतात. इंग्रजीत काय, सगळ्यांना एकच यू, पण मनातल्या मनात मी त्यांना अहोजाहोच करायचे. दुपारी मी सिंकपाशी साचे धूत होते, तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, नळ मोठा सोडला आणि माझ्याकडे न बघता आपला पगार सांगितला. माझ्यापेक्षा जेमतेम जास्त.

"बावीस वर्षांनी?" मी किंचाळलेच.

"हळू गं! मी कधी मागितलाच नाही. तू माग. तुझं लेकरू तिकडे आहे."

घरी नवरा म्हणाला, "अगं, निदान प्रोबेशन तरी संपू दे."

"प्रोबेशन गेलं चुलीत!" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या केबिनमध्ये गेले. माणूस मऊ, प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणणारा. आरशासमोर पाठ केलेलं सगळं मी विसरले. म्हटलं, मला माझ्या मुलीला आणायचंय, पगार वाढवा. माझ्या हातची एकही कवळी डेंटिस्टकडून परत आलेली नाही. त्याने टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "सॉरी, पण तुझ्या शेजारच्या बाई बावीस वर्षांत पगारासाठी एकदाही इथे आल्या नाहीत."

म्हणूनच त्यांना एवढुसा देता ना, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. बोलले असते तर त्यांनीच मला सांगितलं हे उघड झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला माझी वाढ हातची घालवायची नव्हती. मालक शेवटी हो म्हणाला, एका अटीवर. बाहेर कोणाला कळता कामा नये. मी लगेच कबूल झाले. क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

त्या उन्हाळ्यात मुलगी आली. बाईंनी आपल्या नातवाचा जुना पलंग गाडीत घालून आमच्या नव्या फ्लॅटवर आणला आणि गुडघे दुखत असताना खाली बसून स्वतः जोडून दिला. पोर पहिल्याच दिवशी त्यांना चिकटली. काय सुखाचे दिवस होते ते! पण पुढची तीन वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलो, आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त मिळतात हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. इंग्रज माणसं पगार विचारत नाहीत, हे माझ्या पथ्यावरच पडलं.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी केक झाला, कार्डं झाली. त्यांचं सामान भरलेला खोका पार्किंगपर्यंत पोचवायला मी बरोबर गेले. तिथे मात्र मला राहवेना. म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या वेळी मी..."

"पगाराचं ना? ते मला तेव्हाच कळलं, लव्ह. केबिनमधून बाहेर आलीस तेव्हा तुझ्या तोंडावरच दिसत होतं."

"मग तुम्ही का नाही मागितला?"

"मागितला की. तुझ्यानंतर पुढच्याच आठवड्यात. तुझं बघून धीर आला."

"मग?"

"सॉरी म्हणाला. या वर्षी जेवढं होतं तेवढं देऊन झालंय म्हणाला."

माझ्या हातातला खोका त्यांनी काढून घेतला, नाहीतर पडलाच असता. "तुम्हाला माझा राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. खूप आला," त्या म्हणाल्या. "पण मग तुझी पोर समोर येऊन उभी राहिली. तिच्यासमोर काय बोलणार?"

मी तिथेच हमसून हमसून रडले, आणि त्या खोका हातात धरून माझं रडणं थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.