अर्ध्या तासाचं विमान

माझ्या दिराला हळद लागली तेव्हा तो लेहच्या विमानतळावर बसला होता. हळद लावणारी मी सुरतेत होते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मुरलीधर भाऊजी फौजेत. मागच्या सुट्टीत ते म्हणाले होते, "वहिनी, लेहहून श्रीनगर विमानाने अर्धा तास. रस्त्याने दोन दिवस, तेही बर्फ नसला तर!" मी चौथी शिकलेली. त्यातला अर्धा तासच लक्षात राहिला.

लग्नाची तारीख काढताना आमचे हे म्हणाले, "रजा लागल्यावर प्रवासासाठी आठ दिवस मोकळे ठेवू."

"कशाला? बस आणि रेल्वेचे दिवस मी धरलेत. विमानाचं काय धरायचं? आपल्या गोडादऱ्याहून शेजारच्या चलथाणला जायला जास्त वेळ लागतो!"

(एरवी हे माझं कधी ऐकत नाहीत. नेमकं तेव्हा ऐकलं!)

मांडव पडला, खानदेशातून पाहुणे उतरले, खापरावर मांडे सुरू झाले आणि तार आली: ढग आहेत, विमान नाही.

मी तरातरा तार ऑफिसात गेले. "लिहा, अर्ध्या तासाचं तर अंतर आहे, चालत या."

तारबाबूने चष्मा काढला. "बेन, ए लेह छे, बाजूनुं लिंबायत नथी!"

घरी सासूबाई दारातच. "कथा शे मना पोऱ्या?"

"येतील हो भाऊजी, सासूबाई. ढग काय कायमचे असतात?"

आता आमच्यात आधी नवऱ्याला हळद लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे जाते. त्याशिवाय तिला हळद नाही. डिंडोलीला नवरीकडच्या बायका खोळंबलेल्या. तिचे वडील तर आधीच कुरकुरत होते, फौजी जावई नको म्हणून. मी भाऊजींचा वर्दीतला फोटो भिंतीवरून काढला, पाटावर टेकवला आणि पाच सवाष्णींकडून हळद लावून घेतली. गालाला, हाताला, टोपीलासुद्धा! उरलेली वाटी डिंडोलीला पाठवली.

तासाभरात नवरीची आत्याच आली.

"हळद लागली ना नवरदेवाला?"

"लागली."

"मग आणा बाहेर, ओवाळते."

"बाहेर नाही येता येत."

"का? आजारी आहेत?"

"टेकवल्याशिवाय उभे राहत नाहीत."

बाई घाबरली. मला ढकलून आत घुसली आणि किंचाळली, "अगं बाई, काच! आमच्या पोरीला काचेची उष्टी हळद?"

संध्याकाळी नवरीचे वडील आले. "सोयरीक मोडली समजा!"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "इले इचारा!"

तेवढ्यात नवरीचा निरोप आला: "हळद मी लावून घेतली. आता धुणार नाही. येतील तेव्हा येतील." वडिलांनी पुढचा मुहूर्त विचारला. पोरगी बापापेक्षा खमकी निघाली, म्हणून मी वाचले.

ढग पांगले, भाऊजी आले, पुढच्या मुहूर्तावर लग्न लागलं. तोवर अख्खं वऱ्हाड आमच्याकडे जेवलं आणि मांडे मला एकटीला करायला लावले. मांडवातच मी भाऊजींना मोठ्याने विचारलं, "विमानाला किती वेळ लागला?"

"अर्धा तास, वहिनी."

मी ताठ मानेने सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे कोणी बघेना!

तेव्हापासून आमच्या घरात लग्न निघालं, की नवरदेव स्वतः पाटावर बसलेला दिसल्याशिवाय हळदीची वाटी माझ्या हातात देत नाहीत.